नाव तेवढं झाकलं

त्या प्रकरणाला आता पुष्कळ वर्षं लोटली, पण ठाण्याच्या ओसरीत उभी राहिलेली ती बाई मला अजून दिसते. नवरा तापात गेलेला. घरात म्हातारी सासू आणि लग्नाला आलेली मुलगी. बाई जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रुई निवडायला जाई. ती एक दिवस घरी बसली तर चूल पेटत नसे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर मी नवा फौजदार होतो. आमच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. मी नागपूरला राहून बी. ए. झालो. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण या प्रकरणात तोच नडला, हे आधीच सांगून टाकतो.

बाई बाजाराच्या दिवशी आली. त्या गर्दीत ठाण्यात कोण शिरलं हे कोणी बघत नाही. जिनातून सुटताना बाया रुई लपवून नेतात, म्हणून फाटकावर झडती होई. मुकादम झडतीच्या नावाखाली काहींना रुईच्या कोठीत नेई आणि आतून कडी लावी. पुढचं तिनं मान खाली घालून सांगितलं. एक खूणही सांगितली, फक्त तिला आणि मुकादमाला ठाऊक असलेली.

“माही पोरगी उजवाची हाय, साहेब. सोयरीक जमली हाय. माह्यं नाव निंघालं तं ते लोक नारळ वापस करतीन.”

“नाव निघणार नाही,” मी शब्द दिला. डायरीत ‘गुप्त बातमीदार’ एवढंच लिहिलं.

आमचे जमादार वयानं वडील, मुसलमान, तिथल्याच मुलखातले. ते म्हणाले, “साहेब, आधी दुसऱ्या बायाइले बोलतं करू. जल्दी काऊन करता?” मी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी मुकादमाला ठाण्यात आणून बसवलं. ओसरीत कामासाठी आलेली पाच-सात माणसं होती आणि खोलीचं दार उघडं होतं.

मुकादम मिशीत हसत होता. “झडती घेतली म्हून बाया बोंबलते, फौजदारसाहेब. रुई चोरते न त्या. पोलिसायनं चोराची बाजू घ्याची काय?”

दोन तास त्यानं मला खेळवलं. शेवटी मी चिडलो आणि बाईचं नाव न घेता ती खूण त्याच्यापुढं टाकली. ती काय होती ते इथं लिहिणार नाही.

त्याचं तोंड उतरलं. “त्या सटवीनं सांगतलं न?” तो ओरडला आणि तिचं नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट. मग घडाघडा सगळं कबूल केलं. मला वाटलं, जिंकलो. जमादारांनी उठून दार लावलं, पण उशीर झाला होता. “बी. ए. झाले साहेब, पन बाजारात नाई बसले कधी,” ते पुटपुटले.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. ते कलम मला तोंडपाठ होतं. म्हणजे ज्यासाठी मी तिला उघडं पाडलं, ते कागदोपत्रीही कामाचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नारळ परत आला. बाई पुन्हा ठाण्यात आली. या वेळी बाजार नव्हता. मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

“तुमी नाव नाई घेतलं, साहेब. माईत हाय मले. पन नाव सोडून बाकी सारी मीच होती तं.”

मी डायरी मिटून बाजूला ठेवली.

“आता लपवाले काय राह्यलं? अंगठा कुठं लावू ते सांगा.”

तिनं जबाब दिला हे कळल्यावर आणखी दोन बाया पुढं आल्या. त्यांच्या साक्षीच्या वेळी मी मॅजिस्ट्रेटसाहेबांना विनंती करून कोर्ट रिकामं करवलं. मुकादमाला सक्तमजुरी झाली. मोडलेली सोयरीक मात्र जुळली नाही. मुलगी दोन वर्षं घरीच राहिली, मग लांब कुठंतरी दिली.

निवृत्तीनंतर हे लिहिलं, तेव्हा नाव-गाव गाळून मी मोकळा होणार होतो. मग पूर्वीचं आठवलं. कागद घेऊन तिच्याकडं गेलो आणि वाचून दाखवले. ती सुपात ज्वारी पाखडत ऐकत होती.

“हे काढा. असं घर आमच्या आळीत एकच हाय.” काढलं.

“सासूचं ते बोलनं काढा. लोकायच्या ध्यानात हाय ते.” तेही काढलं. नवऱ्याचा आजार, घरातली माणसं, यातलं काही तिच्या सांगण्यावरून बदललं आहे. काय बदललं ते कोणी विचारू नये.

“मग सांगू तरी काय, बाई?”

“झडतीचं सांगा,” ती म्हणाली. “ते साऱ्याइचं होतं.”

तर तेच सांगतो. बाईची झडती बाईनंच घ्यावी, हा कायदा पोलिसालाही बांधतो. निकालानंतर मी जिनमालकाला तशी लेखी समज दिली. मालक कुरकुरला, पण पुढच्या हंगामापासून फाटकावर झडतीसाठी बाई नेमली गेली आणि कोठीची आतली कडी काढून टाकली.