एकशे बारा माणसं, एक कागद

एकशे बारा माणसांच्या तक्रारी मी एका कागदात बसवल्या आणि त्याच्या एकशे बारा झेरॉक्स काढल्या. पर्यावरण कायदा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने करू नये, असा हा मूर्खपणा.

काम खरं आमच्या मॅडमचं. त्यांच्याइतकी सावकाश बाई अख्ख्या विदर्भात सापडायची नाही. लॉ कॉलेजात आयुष्यभर त्यांनी हाच विषय शिकवला. 'हवामान न्याय' हा शब्द इथे कुणी ऐकलाही नव्हता तेव्हा त्यावर निबंध लिहिले. ते बहुधा मी एकट्यानेच वाचले, तेही परीक्षेत येतील या भीतीने. निवृत्तीनंतर बाईंना जनसुनावण्यांचा नाद लागला. नागपूरपासून तासाभरावरच्या एका गावाला लागून वीज प्रकल्पाच्या राखेचा तलाव वाढवायचा घाट होता आणि लेखी आक्षेपांना मुदत होती. मॅडम रोज एसटीने जायच्या, एकेका घरी दीड-दीड तास बसायच्या आणि जो जसं बोलेल तसं स्वतःच्या हाताने उतरवायच्या. एका आजीच्या कागदावर होतं, 'वाळवण घातलं का राख येते. पापड खाल्ला का दातात कचकच लागते. सून म्हणते तुमचेच दात खराब.' पुढे सून, सुनेचं माहेर, माहेरचा बैल. मी म्हटलं, "मॅडम, यात कायदा कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "येईल ना, बैलामागून."

मग त्यांना ताप आला आणि गठ्ठा माझ्याकडे आला. मी कलमांसकट झकास मसुदा केला, नागपुरात सदर भागात प्रती काढल्या, एका दुपारात सगळ्या सह्या-अंगठे उरकले. मॅडमचे कागद कच्चे समजून रद्दीत दिले. प्रदूषण मंडळाच्या कार्यालयातल्या साहेबांनी गठ्ठा चाळला. "मजकूर एकच आहे सर. म्हणजे आक्षेप एकच."

मुदतीला आठ दिवस उरले होते. मी मॅडमच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, मला वाटलं तुमचा वेळ वाचेल.

"काहून रे?" त्या शालीतून म्हणाल्या. "माझा वेळ कशाला वाचवलास?"

मी बसायला जागा शोधली. पाच खुर्च्या होत्या, चारांवर फायली. पाचवीवर त्या. मी उभा होतो, हे त्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. त्या घरात वेळच वेळ होता, आणि तो त्या रोज एसटीने गावात नेऊन घालवत होत्या. लोक बोलायचे, या लिहायच्या.

दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असतानाच त्या सगळं पुन्हा लिहून घ्यायला गावाला निघाल्या. मी त्यांना मोटरसायकलवर घेतलं. म्हटलं, निम्मी घरं मी करतो. त्यांना एका ओसरीवर सोडून मी त्या आजीच्या दारात थांबलो, गाडी चालूच ठेवून पेन काढलं आणि म्हणालो, "हं, आजी, आक्षेप सांगा."

आजीने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमी बाईले गाडीवर आणत-नेत जा, भाऊ. आयकाचं काम तुमच्यानं होत नाई."