पाटाला पाणी नाही, असं मी म्हणाले

कोल्हारला आमच्या घरी रेडिओ खिडकीतच ठेवावा लागतो. नगरचं स्टेशन इतक्या लांब जेमतेम पोचतं, आणि खिडकीतून जरा आत आणला की नुसती खरखर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच्या एरियलच्या काडीला तांब्याची तार गुंडाळून ती बाहेर कपडे वाळत घालायच्या तारेला जोडली होती. तारेवर ओलं धुणं पडलं की आवाज बसायचा. त्यामुळे माझा कार्यक्रम संपेपर्यंत आमच्याकडे कुणी धुणं वाळत घालत नसे.

नगरच्या त्या छोट्या खाजगी स्टेशनवर मी बरीच वर्षं सकाळचा कार्यक्रम केला. खाजगी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण पाणी, वीज, रस्ते, हवामान एवढं सांगता येतं. तेवढ्यात मी अख्खा जिल्हा बसवायचे. सगळ्यात कान देऊन ऐकला जायचा तो पाट. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यातून, आमच्याकडच्या भाषेत पाटातून, पाळीपाळीनं खाली येतं. ते कधी सुटणार आणि कधी बंद होणार, हे आमच्या भागाचा पाटकरी मला फोन करून कळवायचा. पाटकरी म्हणजे पाटाची राखण करणारा सरकारी माणूस. खात्याचं वेळापत्रक निघायचं, पण ते बदलायचं, आणि लोकांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. मी रेडिओवर बोलले की मगच ते खोरं उचलायचे.

मग स्टेशन विकलं गेलं. मालकी ठरावीक वर्षं विकता येत नाही असा नियम आहे. ती वर्षं सरली आणि मालकानं दम धरला नाही. घेणाऱ्या कंपनीची ठिकठिकाणी स्टेशनं होती, आणि सगळ्यांवर एकच कार्यक्रम लावायची तिला मुभा होती. टॉवर तोच राहिला, रेडिओवरचा आकडाही तोच राहिला, आम्हाला मात्र घरी पाठवलं. मी बोचकं बांधून कोल्हारला आले. आई गेल्यापासून आबा एकटेच होते, तेव्हा तेही बरंच झालं, असं मी स्वतःला समजावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी मी गॅसपाशी चहा टाकत होते. तेवढ्यात खिडकीतून मी म्हणाले, "नमस्कार मंडळी, झोप झाली का?"

हातातली साखर ओट्यावर सांडली. आवाज माझाच होता. त्यात मला थोडी सर्दी झालेली होती आणि मागे स्टुडिओत कुणीतरी खुर्ची सरकवली. ती सर्दी कधीची ते काही केल्या आठवेना. मी तोंड मिटून उभी होते आणि खिडकीत मी हसून बोलत होते. पलंगावर बसलेले आबा नेहमीसारखी मान डोलवत होते. "झाली, झाली," ते रेडिओला म्हणाले.

"आबा, ती मी नाहीये."

"मग कोन हाय?"

"जुनं भरून ठेवलेलं वाजवतायत. मी इथं उभी आहे ना तुमच्यासमोर."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रेडिओकडे. "आवाज तर तुजाच हाय," ते म्हणाले, आणि उठून बाहेरची तार जरा ताणून घेतली.

मी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात फोन लावला. तिथला साहेब बोलायला लोण्यासारखा मऊ. "मॅडम, नियमाप्रमाणे रोज थोडं तरी स्थानिक वाजवावं लागतं. ते आम्ही तुमच्या आवाजात ठेवलंय. लोकांना आवडतं."

"पण मी तिथं नाहीये!"

"आवाज आहे ना. करारानं तो स्टेशनचा आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढे मी ते नियम मिळवून वाचले. एका मालकाची किती स्टेशनं असावीत, परदेशी पैसा किती चालेल, बातम्या कुणाच्या घ्याव्यात, सगळं होतं. आवाजामागे जागं माणूस असावं, असं काही मला त्यात सापडलं नाही. म्हणजे कंपनीनं काही मोडलं नव्हतं. उलट तिनं नियम पाळला होता, आणि त्यासाठी माझा गळा वापरला होता. भांडायचं तरी कुणाशी, हेच कळेना.

बाजारात बायका विचारायच्या, "सकाळी लई खोकत हुत्या तुमी. बरं हाय ना आता?" मला खोकला नसायचा. तरी मी "बरं आहे" म्हणायचे. घरात मी हळूहळू कमी बोलू लागले. एका घरात माझे दोन आवाज मला सोसवेनात. खिडकीतली ती कधी थकत नव्हती, कधी चिडत नव्हती. मी चहाला हाक मारली तर आबा बोटानं थांब म्हणायचे आणि तिचं बोलणं संपलं की मगच उठायचे.

एका सकाळी ती म्हणाली, "आज माझ्या आईनं गावाहून डब्यात पुरणपोळी पाठवलीय, त्यामुळे स्वारी खुशीत आहे."

आबांचा कप ओठापाशीच थांबला. "ऐकलंस?" ते हळूच म्हणाले. "तुजी आई." मग दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता. मला त्या रेडिओतल्या पोरीचा हेवा वाटला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. रेडिओ फोडावा असं फार मनात आलं, पण त्यांचा चेहरा बघून हात उचलला गेला नाही.

पाटाचंही ती सांगायची. पुण्यातल्या यंत्राला पाट काय आणि पाणी काय, जे हाताला लागेल ते वाजवायचं. मी आबांना बजावलं, "त्यातलं पाण्याचं काही ऐकू नका. जुनं आहे ते."

"तू खोटं कशाला सांगशील?" ते म्हणाले.

मग ती सकाळ आली. उठले तर घर रिकामं होतं. रेडिओ खिडकीत नव्हता, तार नुसतीच लोंबत होती. इतक्यात पाटकऱ्याचा फोन आला. "ताई, पानी आदीच सोडलंय. वरच्या गावाच्या पुलाखालनं गेलंबी. तुमच्या ऑफिसात फोन लावला तर यंत्रच बोलतंय, एक दाबा, दोन दाबा. तुमी रेडिओवर तेवढं सांगा."

मी त्याला उत्तर न देताच पळाले. आबा कुठे असणार ते मला ठाऊक होतं. पाटातून आमच्या शेताकडे चारी, म्हणजे लहान कालवा फुटतो. त्याचं तोंड गवतानं आणि पिशव्यांनी तुंबतं. पाट कोरडा असला की ज्यानं त्यानं खाली उतरून आपल्या चारीचं तोंड मोकळं करायचं, ही आमच्याकडची रीत. पाटाच्या दोन्ही कडा सिमेंटच्या, उतरत्या आणि गुळगुळीत. म्हाताऱ्या माणसाला दोराशिवाय वर येता येत नाही.

आबा खाली होते. दोर बाभळीला बांधलेला होता. भराव उंच असल्यानं तिथे रेडिओ तारेवाचून लागतो, म्हणून तो काठावर त्यांच्या उपरण्यावर नीट ठेवलेला होता.

"आबा, वर या! पाणी येतंय!"

माझ्या पायाशी मी म्हणाले, "पाटाला आज पाणी नाही, मंडळी. निवांत राहा."

पळून पळून माझा आवाज फाटला होता. तिचा स्वच्छ होता. आबांनी वर पाहिलं आणि माझ्याकडे तळहात केला. "वरडू नको. मला तिचं ऐकू दे."

मी खाली वाकून रेडिओ बंद केला. एकदम सगळं शांत झालं. मग पाटाच्या तळातून, वरच्या अंगानं, उंदीर पळत आले. एक, मग पुष्कळ, मग सरडे. आबांच्या पायांमधून, जणू तिथे कुणी उभंच नाही असे, ते खाली पळत गेले. त्यांच्यामागून कोरडा पाचोळा सरकत यावा तशी सळसळ ऐकू आली. त्या सळसळीवर मात्र आबांनी विश्वास ठेवला. त्यांनी दोर धरला, मी सगळा जीव लावून ओढला. पाणी त्यांच्या कमरेला लागलं, खोरं गेलं, पायातली चप्पल गेली, आणि ते काठावर आले.

आम्ही दोघं काठावरच बसलो. पाट भरून वाहत होता. आबांचे दात वाजत होते. मी उपरण्यानं त्यांचे पाय पुसत होते, तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पानी न्हाई म्हनालीस तू."

"आबा, मी इथं ओरडत होते."

"त्ये मागनं. आदी न्हाई म्हनालीस. म्या तुज्या शब्दावर उतरलो, पोरी." ते रागावले नव्हते. त्यांना नुसतं वाईट वाटलं होतं, आणि रागापेक्षा ते मला जास्त लागलं.

कंपनी, करार, यंत्र, सगळं पुन्हा एकदा समजावून सांगायला मी तोंड उघडलं. त्यांच्या धोतरातून अजून पाणी निथळत होतं.

"चुकलं माझं, आबा," मी म्हणाले.

तो आवाज रेडिओतल्यासारखा शांत आणि स्वच्छ निघाला. आबांनी लगेच मान डोलावली.