उपाशी चौकोनाचा राखणदार

तरुणपणी मी जंगलात एका झुडपाआड लघवीला बसले आणि एका भल्या माणसाची नोकरी घालवली. नातवंडं ऐकून हसत लोळतात. लोळू देत. तेव्हाची मी हसण्याजोगीच होते. शुक्रवार पेठेतली नवी पदवीधर, तोंडाला पावडर, अंगावर इस्त्रीची साडी, आणि निघाले कुठं, तर अक्कलकोटकडच्या काटेरी रानात माती तपासायला!

तिथं मल्लप्पामामा भेटले. खांद्यावर घोंगडं. मेंढरांशी कानडीत बोलणार, आमच्याशी मराठीत. रानातल्या काही चौकोनांना आम्ही नत्राचं खत द्यायचो, काहींना स्फुरदाचं, एकाला काहीच नाही. मग जमिनीवर डबा पालथा घालायचा, आतली हवा सुईनं ओढायची आणि हवामान तापवणारा वायू कुठल्या मातीतून किती निघतो ते सोलापूरला नेऊन मोजायचं. आमच्या तुकडीचे प्रमुख असलेल्या सरांना हे कुणाला समजावून सांगायला तासभर लागे. मामा म्हणत, "मातीनं काय खाल्लंय ते तिच्या ढेकरावरनं कळतंय की, ताई."

बिनखताच्या चौकोनाला ते 'उपाशी' म्हणत. त्याची पगारी राखण त्यांच्याकडे. एखादं मेंढरू तिकडं वळलं की ओरडत, "ए, तितं न्हाय! त्याचा उपास हाय!"

मी नेमकी त्याच चौकोनात बसले. घाईत हद्दीच्या खुंट्या दिसल्याच नाहीत. लघवीत नत्र असतं, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते, बरं का!

पुढच्या मोजणीत उपाशी चौकोनानं खतवाल्यांना मागं टाकलं. सर लालबुंद. "मामा, मेंढरं आत शिरली ना?"

मामांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "व्हय साहेब. शिरली असतील."

मामांचं काम गेलं. मी मान खाली घालून वहीत आकडे लिहीत राहिले.

दोन दिवस असेच काढले. शेवटी सरांना खरं सांगितलं. त्यांनी तो आकडा खोडला आणि मामांना परत आणायला मलाच पिटाळलं. मामा कळप घेऊन कर्नाटकाच्या वाटेला लागले होते. मी त्यांना वाटेत गाठलं, पण ते परत आले नाहीत. पुन्हा कधी दिसलेही नाहीत. आजही एसटीसमोर मेंढरं आडवी आली की मी खिडकीतून त्यांचं घोंगडं शोधते. ते आता असायचे नाहीत, हे कळतं. डोळ्यांना कळत नाही.

त्या दिवशी रस्त्यात मी रडत सगळं कबूल केलं, तेव्हा कळप थांबवून ते म्हणाले होते, "ठाऊक हाय की मला. चौकोनात ठसं व्हतं. मेंढराच्या पायात चप्पल कुटं असती? पर चार बाप्यांत तुजं नाव निगालं असतं, तर तू परत ह्या रानात आली नसतीस. मेंढरांचं काय, ती कायबी ऐकून घेत्यात."