टिकलीएवढी जागा

आमचे सुतारमिस्त्री चिकटवण्यापेक्षा घासण्यातच जास्त रमतात. ‘चिकन्यावर सरस धरत नाही, भाऊ,’ म्हणत जुना सनमायका पॉलिश पेपरनं घासून खरखरीत करतात. नव्याला मात्र कोणाचं नख लागलं तरी खेकसतात, ‘काहून हात लावून राहिले?’

आई गेल्यावर तिच्या कपाटाला नवा सनमायका लावायला घेतला. जुन्या दारावर तिनं कधीतरी लावलेली टिकली होती. मिस्त्रींनी ती अलगद काढून ठेवली. काम झाल्यावर पुन्हा लावू पाहिली, पण तिचा डिंक वाळला होता. ती गळून पडली.

‘राहू द्या,’ मी म्हटलं.

मिस्त्रींनी पॉलिश पेपरची बारीक घडी केली आणि त्या कोऱ्या, चकचकीत दारावर टिकलीएवढी जागा स्वतःच्या हातानं घासली. सरसाचा थेंब लावून टिकली दाबून धरली.

‘आता नाही निघत,’ म्हणाले.