दहा पावलांचा राग

अण्णांना मी नको ते बोललो तो रविवार मला नीट आठवतो. गोल्फच्या पाचव्या होलला मी चार वेळा स्टिक फिरवली आणि चारही वेळा चेंडू पाच-दहा हातांवर जाऊन थांबला. अण्णा शांतपणे म्हणाले, "सर, दहा पावलं."

मी तिथंच स्टिक जमिनीवर आपटली. तिचं टोक तुटून उडालं. "तुमी जल्मभर दवाखान्यात पुड्या बांधल्या, अण्णा," मी ओरडलो, "मला शिकवू नका!"

अण्णा सरकारी दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांनी तुटलेलं टोक उचललं, माझ्या पिशवीत ठेवलं आणि पुढं चालायला लागले.

आमचं गोल्फ म्हणजे टीव्हीवरचं हिरवंगार गोल्फ नव्हे. आमच्या चिटगुप्पा गावापासून थोडं आत एका माणसाचा लाल मुरमाचा पडीक माळ होता. तो बरीच वर्षं आखातात फोरमन होता. तिथं वाळूवर गोल्फ खेळतात हे बघून आला आणि माळावर नऊ होल पाडून बसला. होलाभोवती वाळूत जुनं तेल मिसळून सपाट केलेलं वर्तुळ असायचं. गवत नसल्यामुळं प्रत्येकाच्या काखेत काथ्याच्या पायपुसण्याचा एक तुकडा असे. तो खाली टाकायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. आम्ही दहा-बाराजण होतो. शिक्षक, तहसिलातले कारकून, एक बँकवाले.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमचं मूळ गाव कमठाणा, वडिलांची मेंढरं होती. हातात काठी घेऊन दूरवर नेम धरणं मला लहानपणापासून येत होतं, त्यामुळं हा खेळ मला पटकन जमला. दोन वर्षांत सगळ्यांच्या पुढं गेलो. कलबुर्गीहून चार-पाच हौशी खेळाडू दर हिवाळ्यात सामन्याला यायचे, त्यांनाही मी हरवलं. एकोणपन्नासाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, लोक माझ्याकडं बघून म्हणायचे की ह्याला जमतंय. मला त्याची चटक लागली.

आणि मग ते जमेना झालं.

सुरुवातीला वाटलं, चार दिवसांचं आहे. चेंडू डावीकडं जायचा, नाहीतर नुसता घरंगळायचा. मी जास्त सराव करायला लागलो. शाळा सुटली की माळावर. तरी बिघडतच गेलं. तेव्हा अण्णांनी मला त्यांचा नियम सांगितला. वाईट फटक्यानंतर दहा पावलं मनसोक्त रागवायचं, शिव्या द्यायच्या, रडायचं असलं तर रडायचं. अकराव्या पावलाला तो फटका संपला. पुढच्या चेंडूकडं बघायचं.

मी तो नियम मनापासून पाळला. दहा पावलं मोजायचो, दीर्घ श्वास घ्यायचो, मनाला सांगायचो की आज फार अपेक्षा नको, चेंडू नुसता सरळ गेला तरी पुरे. तोही जायचा नाही. मग मला खात्री वाटायला लागली की दोष माझ्या मनातच आहे. मी घाबरट आहे. यश पचत नाही मला. मुलांना एकाग्रतेवर भाषणं देणारा मी, आतून पोकळ. वर्गात फळ्यावर लिहिताना सुद्धा हेच डोक्यात असायचं.

राग घरीही यायला लागला. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. एकदा सकाळी ती दारात पर्स घेऊन उभी होती आणि मी शर्टाच्या बटणांशी झटत होतो.

"कामून एवढा वेळ लागायलाय तुमाला?" तिनं सहज विचारलं.

मी शर्ट काढून फेकला. त्या दिवशी शाळेत गेलोच नाही. दिवसभर पलंगावर पडून होतो आणि कालच्या फटक्यांची उजळणी करत होतो, एकेक करून, सतरा-अठरा फटके.

अण्णांना बोललो त्यानंतर दोन रविवार मी माळावर फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी कलबुर्गीवाल्यांचा सामना होता, जोड्यांचा, आणि माझी जोडी अण्णांशीच लागली होती. जाऊन मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "खेळा आता." एवढंच.

शेवटच्या होलला सगळं माझ्यावर आलं. चेंडू होलापासून दोन हातांवर. नुसता ढकलायचा, शाळेतलं पोरही ढकलेल. मी ढकलला. तो कडेनं निघून पलीकडं गेला. परत ढकलला, अलीकडंच थांबला. तिसऱ्यांदा हात पुढं सरकेचना. मी नुसता स्टिक धरून उभा. कसाबसा मारला तो पार वाळूच्या बाहेर. कलबुर्गीचे एक साहेब मायेनं म्हणाले, "असू द्या हो सर, खेळ आहे." त्या मायेनं मी मेलो.

पलीकडं बाभळीखाली जाऊन बसलो आणि हमसून हमसून रडलो. ह्या वयात, एका चेंडूपायी. उद्यापासून हे बंद, शाळाही बंद, सगळंच बंद करावं असं वाटत होतं.

अण्णा येऊन शेजारी बसले. समजूत काढतील म्हणून मी तोंड फिरवलं.

"सर, चालताना तुमचा डावा हात हालत न्हाई," ते म्हणाले. "कवापासून?"

मी वळून त्यांच्याकडं बघितलं.

त्यांनी खिशातून कागद काढले. आमच्या गुणांच्या चिठ्ठ्या होत्या, आपापल्या हातानं लिहिलेल्या. त्या त्यांच्याकडंच जमा असत. "ह्ये बगा. पैल्या होलचा आकडा केवढा, आन नवव्याचा केवढा. दर चिठ्ठीत बारीक बारीक होत जायलाय. मी दोन म्हैन्यांपासून बघायलो. बोलावं का न्हाई, कळंना गेलतं."

खरंच, मी डावखुरा, आणि माझ्या हातचे शेवटचे आकडे मुंगीएवढे होते.

"मी नुसत्या पुड्या बांदलो न्हाई, सर," अण्णा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "असली मानसं लई बघितलो. डोक्याच्या डाक्टरला दाखवा."

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी माझ्याकडून एकच वाक्य पाच वेळा लिहून घेतलं. बोटं आपटायला लावली. बाहेरच्या बोळातून चालवलं. मग समोर बसवून सांगितलं, पार्किन्सन. सुरुवात आहे. गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातील, पण आजार जाणार नाही.

मला आनंद झाला. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ती शेजारी बसून फाइल घट्ट धरून होती आणि मला आतून हलकं वाटत होतं. म्हणजे मी घाबरट नव्हतो! मन दुबळं नव्हतं माझं! परतीच्या बसमध्ये हुमनाबादपर्यंत मी जवळजवळ हसत होतो. हुमनाबादला बस थांबली, बायकोनं संत्रं सोलून एक फोड माझ्या डाव्या हातावर ठेवली, मी हात उचलला आणि तो तोंडापर्यंत पोचायला किती वेळ लागतोय ते मला पहिल्यांदा दिसलं. मग दिसतच राहिलं. वाईट फटक्यानंतर पुढचा चेंडू तरी असतो. ह्याच्यापुढं कुठला चेंडू होता? दहा पावलं नव्हे, दहा कोस चाललो असतो तरी तो राग संपला नसता.

गोळ्या सुरू झाल्या. गोळी लागू पडली की दोन-तीन तास बरे जातात. अण्णा घरी येऊन बसू लागले. एका रविवारी म्हणाले, "चला. पाचच होल. लिवायचं काय न्हाई." बायकोही सोबत आली, पहिल्यांदाच. उन्हात पदर डोक्यावर घेऊन आमच्या मागं मागं चालत होती.

आता मी तसाच जातो. पण एक नवं दुःख लागलंय. फटका चुकला की मी विचारात पडतो, हा माझा की आजाराचा? माझा असेल तर सुधारता येईल. त्याचा असेल तर कशाला सराव करायचा? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सांगता येत नाही. माझ्या चुकासुद्धा माझ्या राहिल्या नाहीत. शाळेत खडू निसटतो, घरी चहा सांडतो, प्रत्येक वेळी तोच प्रश्न. अपेक्षा कमी ठेवा म्हणतात सगळे. किती कमी? रोज सकाळी उठून बघतो तर कालची कमी केलेलीही जास्त ठरलेली असते.

गेल्या महिन्यात दुसऱ्या होलला माझा चेंडू उजवीकडं तुरीच्या शेतात गेला. मी स्टिकवर टेकून उभा राहिलो. अण्णा जवळ आले, म्हणाले, "ह्यो तुमचाच, सर. मान वर केलाव."

"खरंच?"

"व्हय. मारायच्या आदीच बघायलाव, कुटं जायलाय म्हनून. पैल्यापासूनची खोड हाय तुमची."

माझी खोड! मी बायकोकडं वळून बघितलं. तिनं ऐकलं होतं. ती हसली, मीही हसलो. पायपुसणं परत नीट पसरलं, दुसरा चेंडू ठेवला, मान खाली, अगदी खाली धरली आणि मारला.

तोही तुरीत गेला. मी अण्णांकडं बघितलं. ते मात्र चेंडू शोधायला वाकून शेतात शिरले.