सगळं तीच करते

माझ्या मुलीनं एजन्सी काढली तेव्हा सगळ्यात जास्त अडवलं माझ्या बोटांनी. सरकारी कामात शिरायचं तर ठसे द्यावे लागतात, आणि एजन्सीच्या कागदावर माझंही नाव होतं, म्हणून तिच्याबरोबर मीही गेलो. काचेवर बोटं ठेवली तर यंत्राला काही दिसेना. वीस वर्षं गोदामात पुठ्ठ्याची खोकी उचलून रेषा झिजून गेलेल्या. तिथली बाई म्हणाली, परत या. परत गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मुलीनं गाडीत माझी बोटं धरून क्रीम चोळलं आणि म्हणाली, "बाबा, चोरी करायला तुम्ही एकदम परफेक्ट आहात."

मी हसलो. मनात म्हटलं, चोरी केलीय बाई, तुला माहीत नाही एवढंच.

एजन्सी काढण्यामागे तिचा एका नर्सवरचा राग होता. त्या नर्सचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि मी पाच वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

तिचं काम काय ते आधी सांगतो, कारण मलाही समजायला वेळ लागला. मेडिकेड म्हणजे ज्यांची ऐपत नाही त्यांच्या औषधपाण्याचं सरकार बघतं ते. त्यात एक सोय अशी की म्हाताऱ्या आजारी माणसाला नर्सिंग होममध्ये न टाकता घरीच ठेवायचं, आणि रोज काही तास मदतीला बाई पाठवायची. पण आधी कोणीतरी घरी येऊन बघतं, की हे माणूस स्वतः उठतं का, आंघोळ करतं का, घास तोंडापर्यंत नेतं का. त्यावर तास ठरतात. मुलीच्या एजन्सीनं बाई पाठवायची नाही. तिनं फक्त त्या माणसाच्या बाजूनं उभं राहायचं. काय लागतं ते लिहून घ्यायचं, मंजूर करून आणायचं, आणि बाई खरंच येते का, नीट वागते का यावर डोळा ठेवायचा. याला केस मॅनेजमेंट म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे सुनेनं सासूचं करायचं ते तू सरकारी कागदावर करणार. ती म्हणाली, "बाबा, सुना पण जॉबला जातात आता."

जर्सी सिटीत एका लाँड्रीच्या वर तिनं एक खोली घेतली. खाली मशिनं फिरायला लागली की वर टेबलावरची पेन्सिल चालायला लागायची. एक फॅक्स, दोन खुर्च्या, आणि कुलूपवालं लोखंडी कपाट. ते कपाट मी भिंतीला बोल्ट मारून बसवलं. मेकॅनिक बोलवा म्हणत होती, मी ऐकलं नाही. नियमांची जाडजूड फाईल तिनं स्वतः टाईप केली. परवान्यासाठी सरकारचा एक माणूस तपासायला आला तेव्हा त्यानं विचारलं, हे काम का करावंसं वाटलं? मी कपाटाशेजारी उभा होतो. ती म्हणाली, माझ्या आईला बघायला आलेल्या नर्सनं दहा मिनिटं बघितलं आणि ही बाई ठणठणीत आहे असं लिहून गेली. तिनं नीट बघितलं असतं तर माझी आई घरी राहिली असती.

तो माणूस मान हलवत होता. मी कपाटाचं कुलूप लावून बघितलं, उघडून बघितलं, परत लावलं.

आता खरं काय झालं ते.

आमच्या हिला अर्धांगवायू झाला तेव्हा मुलगी लांब मॉरिसव्हिलला होती, तिथल्या हॉस्पिटलात सोशल वर्कर. हिची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, डोकं मात्र शाबूत. दोन वर्षं मीच केलं. उठवणं, बसवणं, न्हाणं, भरवणं, सगळं. गोदामातून निवृत्त झालेलो, अंगात ताकद होती, दुसऱ्या कोणाची गरज नाही असं मी सगळ्यांना सांगत होतो. मुलगीच मागे लागली. "बाबा, तुम्ही बाजारात गेलात की आई एकटी असते. काही झालं म्हणजे?" तिनं फोनवरून अर्ज केला, माझ्याकडून पोस्टानं सही मागवली. मी देवनागरीत केली. नर्स येणार त्याच्या आदल्या दिवशी परत फोन. "जसं आहे तसं सांगा बाबा. हिरो बनू नका. आणि इंटरप्रिटर मागून घ्या."

"इंग्रजी मला पुरेल एवढं येतं," मी म्हटलं.

त्या सकाळी हिनं डाव्या हातानं कपाट दाखवलं. मला वाटलं शाल हवी. शाल काढली, नाही. स्वेटर काढला, नाही. मग तिनं खूप जोर लावून म्हटलं, "सा-डी."

दोन वर्षं ती गाऊनमध्ये होती. घरी कोण येणार आहे म्हणून साडी? पण बाहेरची बाई येणार, सरकारी बाई, आणि आपण गाऊनमध्ये बसायचं, हे तिच्यात बसत नव्हतं. माझ्यातही नव्हतं, खोटं कशाला बोलू. जांभळी, बारीक काठाची साडी होती, मुलीच्या लग्नात एकदा नेसलेली. मी आयुष्यात कधी कोणाला साडी नेसवली नव्हती. तिला पलंगावर बसवून, अर्धी उभी करून, माझ्या खांद्यावर तिचा भार घेऊन निऱ्या घातल्या. ती डाव्या हाताच्या बोटांनी आकडा दाखवायची, अजून एक, अजून एक. सात आल्या. केस विंचरून अंबाडा घातला, तो चार वेळा सुटला. कुंकू लावलं. मग आम्ही दोघं इतके दमलो की पाच मिनिटं नुसते बसून राहिलो. मी म्हटलं, "तुझंच परत लग्न लावतोय असं वाटतंय." ती हसली, अर्ध्या तोंडानं.

घर आवरलं. कमोडची खुर्ची आतल्या खोलीत नेऊन दार ओढून घेतलं. गादीवरचं रबरी कापड काढलं. पोहे केले, चहा ठेवला. पाहुण्यासमोर ज्या वस्तू ठेवत नाहीत त्या एकूण एक मी दिसेनाशा केल्या.

नर्स काळी, उंच, चांगल्या स्वभावाची होती. घाईत अजिबात नव्हती. तासभर बसली. पोहे आवडीनं खाल्ले आणि विचारलं, कोणी केले? मी म्हटलं, हिनं. का म्हटलं? पाहुण्याला सांगतोच ना आपण, घरच्या बाईनं केलंय म्हणून. पुरुषानं केलेले पोहे समोर ठेवायची मला लाज वाटली. तिथून सुरुवात झाली.

मग कागद. स्वतः जेवते का? हो. कपडे स्वतः घालते का? नर्सनं साडीकडे बघून म्हटलं, किती सुंदर. मी म्हटलं, रोज नेसते. आंघोळ? हो. मग तिनं आवाज जरा खाली घेऊन विचारलं, संडासला गेल्यावर स्वच्छता कोण करतं?

ही समोर बसलेली. इंग्रजी कळत नव्हतं, पण नर्सनं हातानं जी खूण केली ती कळली. हिनं मान खाली घातली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला परक्यासमोर मान खाली घालताना कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "शी डू. एव्हरीथिंग शी डू."

हिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते बघणं आभाराचं होतं की "हे काय केलंत" असं होतं, मला आजही सांगता येत नाही.

नर्स उभी राहिली, उठवून चालवून बघू का म्हणाली. मी म्हटलं, आत्ताच फिरून आलीय, दमलीय. तिनं जबरदस्ती केली नाही. आम्हाला मान दिला तिनं. तिची चूक म्हणायची तर एवढीच.

पत्र आलं, मदतीची गरज नाही. मुलगी फोनवर संतापली. "ती बाई आली तरी होती का? आईला बघून कोण म्हणेल?" मी पत्राची घडी घातली. "अपील करू बाबा. परत बघायला लावू. ठरलेल्या दिवसांत कागद गेला पाहिजे, तुम्ही फक्त सही करा." कागद आला. परत कोणी येणार, परत तोच प्रश्न, आणि या वेळी मला नाही म्हणावं लागणार, हिच्यासमोर. मी कागद टीव्हीखाली ठेवला. दिवस उलटून गेले. मुलीला म्हटलं, पोस्टात गहाळ झाला असेल. बोटांवरून मनात म्हटली होती ती माझी चोरी ही.

तीन महिन्यांनी मी खाली कपडे धुवायला गेलो होतो. वर आलो तर ही जमिनीवर. कमोडच्या खुर्चीपर्यंत एकटी निघाली होती. मी येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण गादी खराब होईल याची तिला लाज. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून तिला घरी सोडलंच नाही, नर्सिंग होममध्ये टाकलं. तिथं सगळं मिळालं. दिवसरात्र माणसं, सगळे अनोळखी, तिची स्वच्छता करणारे रोज वेगळे हात. ज्यापासून मी तिला त्या एका सकाळी वाचवलं ते तिनं अकरा महिने रोज सोसलं. मी दोन बस बदलून सकाळी जायचो, संध्याकाळी हाकलेपर्यंत बसायचो. एकदा मी तिला म्हटलं, घरी नेतो तुला, थोडं थांब. तिनं डाव्या हातानं माझं तोंड बंद केलं. तिथंच गेली.

मुलगी जर्सी सिटीला राहायला आली ती त्यानंतर. आणि मग एजन्सी.

एजन्सीचं पहिलं घर एका मराठी जोडप्याचं निघालं. काका आजारी, हातपाय थरथरत होते, गिळायला त्रास. काकूंनी फोनवर सांगितलं होतं की बोलायला कोणी मोठं माणूस बरोबर असलं तर बरं. म्हणून मुलीनं मला घेतलं. गाडीत बजावलं, "बाबा, तुम्ही फक्त बसायचं. आन्सर मी घेणार."

दार काकूंनी उघडलं. ठेवणीतली साडी. आत काका खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट, हातावर घड्याळ, आणि पायात बूट. घरात, बूट. लेस घट्ट बांधलेल्या, गाठ पुढ्यात बसून दुसऱ्यानं मारावी तशी उलटी. आमच्या माणसांत घरात बूट घालून कोण बसतं?

"या भाऊ, बसा. ह्यांना तसं काही झालेलं नाही," काकू म्हणाल्या. "आत्ताच खाली फेरी मारून आले."

चहा आला. काकांचा कप तसाच राहिला.

मुलगी विचारत गेली, काकू सांगत गेल्या. जेवतात. आंघोळ करतात. थोडं हळू, पण करतात. मुलगी मान खाली घालून लिहीत होती. मला माझ्याच घरातला आवाज ऐकू येत होता. मी तोंड उघडलं तर काकू चिडतात आणि ही केस जाते, नाही उघडलं तर हा माणूस जातो. आणि उघडलं तर मुलगीही.

मी म्हटलं, "वहिनी, बूट कोणी घातले?"

"बाबा," मुलगी म्हणाली, "प्लीज."

"भाऊ, तुम्ही कोण विचारणार?" काकूंचा चेहरा लाल झाला.

"मी कोणी नाही. माझ्या बायकोला बघायला नर्स आली होती तेव्हा मी तिला साडी नेसवली. पोहे मी केले, तिनं केले म्हणून सांगितलं. संडासाचं विचारलं तर म्हटलं, सगळं तीच करते. नर्सनं नीट बघितलं होतं. मीच दिसू दिलं नाही. अपीलचा कागद टीव्हीखाली होता. नंतर ती पडली, घरी परत आलीच नाही. वहिनी, बूट कोणी घातले?"

मी काकूंकडे बघून बोलत होतो. मुलीकडे बघितलं नाही.

काकू खाली बसल्या आणि लेस सोडायला लागल्या. काका म्हणाले, त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य, "चावत होते गं."

मुलीनं कागद उलटला. नवा घेतला. आवाज अगदी सरळ ठेवून म्हणाली, "काकू, आपण पहिल्यापासून विचारू."

गाडीत बसलो. तिनं किल्ली फिरवली नाही.

"निऱ्या पण तुम्हीच घातल्या?"

"हो."

"किती?"

"सात."

"जांभळी?"

"हो."

तिनं विचारलं, "आई काही म्हणाली?"

मी म्हटलं, "नाही. बघितलं फक्त."

मग तिनं गाडी सुरू केली. मला घराशी सोडलं. पुढच्या सोमवारी दुसऱ्या घरी जायचं ठरलं होतं, मी टोपी घालून पायऱ्यांवर उभा राहिलो, ती मला न्यायला आली नाही. त्याच्या पुढच्याही. काकांना तास मंजूर झाले हे मला जावयाकडून कळलं. नर्सची गोष्ट तिनं परत कोणाला सांगितली नाही. माझ्याशी त्यावर बोललीही नाही.

महिन्याभरानं तिनं ऑफिसात बोलावलं. एक फोन आणि एक यादी पुढे ठेवली. "भेटीच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरी फोन करायचा. आपल्या लोकांना तुम्हीच सांगा." गाडीत मात्र ती मला अजून नेत नाही.

फोन मी करतो. उद्या आमची मुलगी येणार आहे. घर आवरू नका. कपडे बदलू नका. जे रोज लागतं ते बाहेर राहू द्या. चहा ठेवू नका.

परवा एका बाईंनी विचारलं, "अहो भाऊ, पण बरं दिसतं का ते?"

"नाही दिसत," मी म्हटलं. "तरी राहू द्या."