मिठावरचा साहेब

वैदेही बाई विशेष शिक्षिका. म्हणजे मागे राहिलेल्या मुलाला पुढे आणायचं आणि आणल्याचा कागद करायचा. मांडवीच्या शाळेत त्यांच्याकडे कागद पाटीभर, मूल एकच: आठवीतली सानवी. मोजके शब्द बोलायची, पण बसायची सगळ्या पोरांच्या मधोमध, आणि तिथंच बसायला तिला आवडायचं.

ते बसणंच आता धोक्यात होतं. तपासणीला करंबेळकर साहेब येणार होते. इतिहासाचा धडा सानवीला कळला नसेल तर तिला मागच्या खोलीत एकटीला बसवा, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. एकटीला! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धडा मिठाच्या सत्याग्रहाचा. पुस्तकात दोन पानं आणि अकरा तारखा. बाईंनी तारखांना नारळ दिला. वाटीभर मीठ आणलं, सानवीच्या डोक्यावर कागदाची टोपी ठेवली आणि तिला गोरा साहेब केलं. पोरं मीठ मागायला आली की तिनं वाटीवर पंजा ठेवून म्हणायचं, "आधी कर भर!" मग पोरं चिमूट उचलून ओरडायची, "कायदा मोडला!" आठवडाभर हाच खेळ. सानवीला साहेबपणा इतका मानवला, की टोपी घालूनच ती घरी जायला निघायची.

करंबेळकर आले. छापील कागद काढून म्हणाले, "सविनय कायदेभंगाची उद्दिष्टे सांग."

सानवी त्यांच्या पेनाकडे बघत राहिली.

"बरं, साल?" विचारता विचारता त्यांनी स्वतःच हळूच पुस्तकात डोकावून घेतलं. सानवी पेनाकडेच. साहेबांनी फुली मारली.

"अहो, असं विचारून नाही हो सांगणार ती!" बाईंचा आवाज रडवेला झाला.

"नमुन्यात असंच आहे, बाई."

मग दुपारची खिचडी आली. साहेबानं ती चाखायची आणि चव रजिस्टरात 'चव उत्तम' लिहून सही ठोकायची, हा शिरस्ता. करंबेळकरांनी घास घेतला. अळणी ठार! पंगतीत मीठ वाढायचं काम रोज सानवीचं.

"मीठ दे गं," साहेब म्हणाले.

सानवीनं वाटीवर पंजा ठेवला. "आधी कर भर!"

मुख्याध्यापक हरिहर सरांनी हातातला घास परत ताटात ठेवला. बाईंनी डोळे मिटले. साहेबांच्या कपाळावर आठी चढली, मग जरा उतरली.

"आणि नाही भरला तर?"

एवढंही कळत नाही, अशा नजरेनं सानवीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि वाटी पुढे सरकवली. "मग उचल!"

साहेबांनी चिमूट उचलली. अख्खी पंगत ओरडली, "कायदा मोडला!" सानवी टाळ्या पिटत सुटली.

साहेब मान खाली घालून जेवले. हात धुतल्यावर कागद काढला, फुली गिरगटून टाकली आणि खाली लिहिलं, 'वर्गातच बसवावे.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि पदराला डोळे पुसले.

चव रजिस्टरात मात्र साहेबांनी 'चव उत्तम' असंच लिहिलं. एका दिवसात माणसानं कायदे तरी किती मोडायचे!